यादीत नसलेले कासव

गेल्या पावसाळ्यात एका शाळेतले विज्ञानाचे शिक्षक दोन विद्यार्थ्यांना घेऊन आमच्या संस्थेत आले. बरोबर झाकण लावलेली प्लास्टिकची बादली होती आणि बादलीत नाश्त्याच्या ताटलीएवढे एक कासव. पाठ हिरवट-तपकिरी, मानेवर पिवळे पट्टे आणि डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना ठसठशीत तांबडा डाग. मत्स्यालयाचे सामान विकणाऱ्या दुकानांत ज्यांनी कधी डोकावले असेल त्यांना हे कासव लहानपणीच्या रूपात नक्की दिसले असणार. इंग्रजीत त्याला रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात. एका पालकांनी चार वर्षांपूर्वी ते मुलाच्या वाढदिवसाला आणले, तेव्हा ते नाण्यापेक्षा थोडेसेच मोठे होते. पुढे घरची टाकी अपुरी पडू लागली, तेव्हा त्यांनी ते शाळेला भेट दिले. आता शाळेचीही टाकी अपुरी पडत होती. मुलांचे म्हणणे असे, की त्याला गावाबाहेरच्या तळ्यात सोडून द्यावे, म्हणजे बिचारे मोकळे होईल. सरांचे प्रश्न दोन होते. सोडावे का? आणि ठेवले तर कायद्याने गुन्हा होतो का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हाला एक मिनिट लागले. सोडू नका. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र वन्यजीव कायद्याची प्रत काढून संध्याकाळभर बसावे लागले. शेवटी हाती आले ते असे, की या कासवाचे नाव कायद्याला जोडलेल्या कोणत्याच यादीत नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने केली आहे तिच्यात ते आहे. आपल्या कायद्यात नाही.

कायदा हा आमचा विषय नव्हे. पण प्राण्यांच्या नावांची यादी हा विषय आमचा आहे. यादी म्हणजे वर्गीकरणच, आणि वर्गीकरण समोर आले की ते कोणत्या गुणधर्मावर केले आहे, हे विचारायला आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. वटवाघूळ उडते म्हणून त्याला पक्ष्यांत टाकणाऱ्या मुलाचे निरीक्षण चुकलेले नसते, त्याने गुणधर्म चुकीचा निवडलेला असतो. पाळीव म्हणून ठेवल्या जाणाऱ्या परदेशी आणि धोकादायक प्राण्यांविषयीचा आपला कायदा आम्ही याच नजरेने वाचला.

सुरुवात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून करायला हवी. हा कायदा फार चांगला होता आणि आहे. वाघ, माळढोक, मगर यांना त्याने जो आधार दिला तो नसता तर आज ही नावे आपण फक्त पुस्तकांत वाचली असती. पण यादी करताना त्याने विचारलेला प्रश्न एकच होता : हा प्राणी आपल्या रानातला आहे का? असेल तर त्याला हात लावू नका. म्हणूनच झाडावरून काढून पिंजऱ्यात घातलेला साधा हिरवा पोपट हा गुन्हा ठरला, आणि हजारो घरांत तो पोपट असला तरी कायदा त्या बाबतीत स्पष्ट होता. उलट दक्षिण अमेरिकेतला मकाव किंवा हिरवा इग्वाना आपल्या रानातला नाही. तो एकदा देशात येऊन पोचला की वन्यजीव कायद्याच्या दृष्टीने जणू अदृश्य होत असे. मिठ्ठू पाळला तर दंड आणि दीड मीटर वाढणारा इग्वाना पाळला तर हौस, असा हा प्रकार जवळजवळ पन्नास वर्षे चालला. एखाद्या चौकस विद्यार्थ्याने वर्गात हा प्रश्न विचारला असता, तर शिक्षकाला उत्तर देणे कठीण गेले असते.

त्या अदृश्य प्राण्यांसाठी दुसरी एक यादी जगात तयार होती. धोक्यात आलेल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा सायटीस हा करार १९७३ मध्ये वॉशिंग्टनला झाला, १९७५ मध्ये अमलात आला आणि १९७६ मध्ये भारत त्यात सामील झाला. करारातल्या प्राण्यांची तीन परिशिष्टे आहेत. पहिल्यात अगदी धोक्यात आलेल्या जाती, दुसऱ्यात व्यापार बेसुमार वाढला तर धोक्यात येऊ शकणाऱ्या, तिसऱ्यात एखाद्या देशाने स्वतःच्या जातींसाठी इतरांची मदत मागितलेली. आपल्याकडे या कराराची अंमलबजावणी परदेशी व्यापाराच्या आणि सीमाशुल्काच्या नियमांतून, म्हणजे बंदरावर आणि विमानतळावर होत असे. दारातून आत आलेल्या प्राण्याचे पुढे काय होते, याची नोंद ठेवणारे कोणी नव्हते.

जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक सूचना काढली. ज्यांच्याकडे असे परदेशी प्राणी आहेत त्यांनी सहा महिन्यांत आपणहून माहिती द्यावी, त्यांच्याकडे कागदपत्रे मागितली जाणार नाहीत. हजारो लोक पुढे आले. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने कायदाच दुरुस्त केला आणि १ एप्रिल २०२३ पासून ही दुरुस्ती लागू झाली. जुन्या सहा अनुसूचींच्या आता चार झाल्या आणि चौथ्या अनुसूचीत सायटीसच्या परिशिष्टांतल्या जाती आल्या. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी अशा जिवंत प्राण्यांची मालकी, हस्तांतर, जन्म आणि मृत्यू हे सगळे मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नोंदवणे बंधनकारक झाले. इग्वाना आणि बॉल पायथन हा आफ्रिकेतला छोटा अजगर, दोघेही सायटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. ते आता अदृश्य राहिलेले नाहीत. सेहेचाळीस वर्षांनी का होईना, हे झाले ते योग्यच झाले.

आमची तक्रार यापुढे सुरू होते. सायटीसची यादी विचारते, की व्यापारामुळे ही जात तिच्या मायदेशातून नाहीशी होईल का? हा उत्तम प्रश्न आहे, आणि त्या प्रश्नाला ती यादी उत्तम उत्तर देते. आपल्या नद्यांतले लीथचे मऊ पाठीचे कासव भारताच्याच प्रस्तावावरून २०२२ मध्ये पहिल्या परिशिष्टात गेले, ते याच यादीचे काम. पण कोणी घरात प्राणी ठेवतो तेव्हा आणखी दोन प्रश्न उभे राहतात. तो सुटला तर इथल्या जिवांचे काय होईल? आणि तो चावला तर माणसाचे काय होईल? या दोन प्रश्नांची उत्तरे सायटीसच्या यादीत शोधणे म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकात हवामानाचा अंदाज शोधण्यासारखे आहे. वेळापत्रक चुकीचे नसते. ते त्यासाठी छापलेले नसते, इतकेच.

बादलीतले कासव याचे चांगले उदाहरण आहे, म्हणून त्याची कुळकथा जरा सविस्तर सांगतो.

त्याचे मूळ घर अमेरिकेतले मिसिसिपी नदीचे खोरे. तिथे ते विपुल आहे, दुर्मीळ मुळीच नाही. म्हणजे सायटीसच्या यादीत ते नसणे तर्काला धरून आहे. गेल्या शतकाच्या मध्यापासून तिथल्या शेततळ्यांवर ही कासवे वाढवून नाण्याएवढी पिल्ले मुलांना खेळायला विकण्याचा मोठा धंदा उभा राहिला. कासवांच्या आतड्यांत साल्मोनेला हे जिवाणू असतात. कासवाला त्यांचा काही त्रास होत नाही, पण लहान मुले पिल्लू हातात घेतात, तोंडात घालतात आणि आजारी पडतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान पाठीच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. चारच इंच का? तर एवढे कासव लहान मुलाच्या तोंडात जात नाही म्हणून. आम्हाला हा नियम फार आवडतो. धोका नेमका कोणता ते ओळखले, त्याच्याशी जोडलेला मोजता येणारा गुणधर्म निवडला, आणि मोजपट्टी हातात घेऊन कोणताही निरीक्षक अमलात आणू शकेल असा नियम केला. या नियमामुळे दर वर्षी सुमारे एक लाख मुलांचे आजारपण टळले, असा त्या प्रशासनाचा अंदाज होता.

पण नियमाला एक खिडकी होती. निर्यातीला तो लागू नव्हता. घरची बाजारपेठ बंद झाली, शेततळी मात्र तशीच राहिली. १९८९ ते १९९७ या काळात ५ कोटी २० लाखांहून अधिक स्लायडर अमेरिकेबाहेर पाठवली गेली. एका देशाने आपल्या मुलांच्या पोटाचा प्रश्न सोडवला आणि कासवे बाकीच्या जगाच्या तळ्यांत जाऊन पडली. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्यांची आयात थांबवली. तोवर फ्रान्स, स्पेन, इटलीच्या तळ्यांत ती उन्हे खात बसलेली होती.

उन्हे खात बसणे ही कासवासाठी चैन नाही. त्याच्या शरीरात स्वतःची उष्णता निर्माण करण्याची सोय नसते. अन्न पचवायला, अंडी पिकवायला त्याला बाहेरून ऊब मिळवावी लागते. तळ्यात पाण्याबाहेर आलेले ओंडके आणि दगड मोजकेच असतात. काडी आणि जोली या फ्रेंच संशोधकांनी तळ्यांत युरोपातली स्थानिक कासवे आणि स्लायडर एकत्र ठेवून निरीक्षणे केली. चांगल्या बैठका स्लायडरांनी बळकावल्या आणि स्थानिक कासवे कमी सोयीच्या जागांवर ढकलली गेली. पुढच्या प्रयोगात एकत्र ठेवलेल्या गटांतल्या स्थानिक कासवांचे वजन घटले आणि त्यांच्यात मृत्यूही जास्त झाले. चावाचावी नाही, शिकार नाही, बसायची जागा तेवढी घेतली. शिक्षकांनी स्पर्धा ही संकल्पना शिकवताना हरणामागे धावणाऱ्या वाघापेक्षा हे उदाहरण जरूर वापरावे.

आता आपल्या तळ्यांकडे पाहा. महाराष्ट्रात काळे कासव आहे, चिखलात राहणारे फडफड्या पाठीचे कासव आहे. उन्हाळ्यात आटत जाणारे पाणी आणि त्यात उरलेले चार दगड, ही त्यांची जागा. स्लायडर मोठेपणी वनस्पती, मासे, गोगलगाय, मेलेले जनावर असे जे मिळेल ते खाते आणि तीस-तीस वर्षे जगते. त्याच्या पिल्लाचे लिंग अंडे उबताना असलेल्या तापमानावर ठरते. २६ अंशांच्या आसपास नर, ३१ अंशांना माद्या. आपल्याकडच्या उन्हाने तापलेल्या काठावर माद्याच जास्त निघतील असे दिसते, आणि प्राण्याची संख्या वाढायला त्याची काही अडचण होत नाही. गुवाहाटीतल्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात आणि दीपोर बील या पाणथळीत स्लायडर सापडल्याच्या नोंदी आहेत. मंदिराच्या तळ्यात कासव सोडणारा माणूस पुण्य करतो आहे असे समजत असतो, हे विसरता कामा नये. आमच्याकडे बादली घेऊन आलेली मुलेही तेच समजत होती.

मत्स्यालयातून बाहेर पडलेल्या पाहुण्यांचा अनुभव आपल्याला नवा नाही. काच साफ ठेवतो म्हणून आणलेला दक्षिण अमेरिकेतला सकर मासा उजनीच्या जलाशयात पोचला आहे. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला किंमत नाही. तोही सायटीसच्या कोणत्याच परिशिष्टात नाही.

दुसरा प्रश्न धोक्याचा. ३१ मे २०२५ च्या सुमारास मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात ४७ विषारी साप सापडले. त्यांतले ४४ इंडोनेशियातले चापड्याच्या जातकुळीतले होते आणि तीन इराणातले, शेपटीच्या टोकाला कोळ्यासारखा आकार असलेले. कोणाच्या तरी हौसेसाठी ते येत होते हे उघड आहे. आपल्याकडे सर्पदंशावर जे प्रतिविष मिळते, मुंबईच्या हाफकिन संस्थेत जे पिढ्यानपिढ्या तयार होत आले, ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर बेतलेले असते. घोड्याला ज्या विषाची ओळख करून दिली त्याच विषाला बांधणारी प्रतिद्रव्ये त्याच्या रक्तात तयार होतात. परक्या सापाचे विष वेगळ्या घडणीचे असेल, तर त्या कुप्या भरवशाच्या राहत नाहीत. म्हणजे एखाद्या सदनिकेत असा साप चावला, तर रुग्णालय जवळ असूनही उपचार जवळ नसतो. आफ्रिकेतला काळा माम्बा हा जगातल्या सर्वांत भयंकर सापांपैकी एक. पण तो आफ्रिकेत दुर्मीळ नाही, म्हणून सायटीसमध्ये नाही, म्हणून आपल्या चौथ्या अनुसूचीत नाही. त्याच्या आयातीला सीमाशुल्काचे अडथळे आहेत, पण आत आल्यावर वन्यजीव कायद्यानुसार नोंदणीचे बंधन बॉल पायथनला आहे आणि माम्बाला नाही. बॉल पायथन घाबरला की चेंडूसारखे वेटोळे करून डोके आत लपवतो.

धोका हाच गुणधर्म धरून यादी करता येते, हे ब्रिटनने १९७६ मध्ये दाखवले. त्या वर्षीच्या धोकादायक वन्य प्राण्यांच्या कायद्याने विषारी साप, मगरी, मोठी मांजरकुळी यांची यादी केली. असा प्राणी ठेवायचा तर स्थानिक प्रशासनाचा परवाना, पशुवैद्याची तपासणी आणि दुसऱ्याला इजा झाली तर भरपाईचा विमा, हे सगळे लागते. त्याआधी, १९६९ मध्ये, लंडनच्या हॅरॉड्स या दुकानातून दोन तरुणांनी सिंहाचा छावा रीतसर विकत घेतला होता, यावरून कायद्याची गरज लक्षात येईल. ही यादीही निर्दोष नाही. माणसाला आवळून मारू शकणारे मोठे अजगर तिच्यात नाहीत, कारण ते विषारी नाहीत. तरी निदान प्रश्न बरोबर विचारलेला आहे.

प्रश्न चुकला आणि वेळही चुकली तर काय होते, हे पाहायचे असेल तर फ्लोरिडा पाहावे. ब्रह्मदेशी अजगर सायटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आशियातल्या मायदेशी, आपल्या ईशान्य भारतातही, त्याची संख्या घटते आहे. अमेरिकेत तो रीतसर परवान्यांनी येत राहिला. पिल्ले देखणी असतात, पण काही वर्षांत ती तीन-चार मीटरची होतात आणि मालकाचा धीर सुटतो. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत सुटलेले आणि सोडलेले अजगर २००० पर्यंत तिथे वीण करून स्थायिक झाल्याचे मान्य झाले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रस्त्यावरून मोजलेल्या प्राण्यांची तुलना केली, तेव्हा राष्ट्रीय उद्यानात रॅकून ९९ टक्क्यांहून अधिक आणि ओपॉसम जवळजवळ ९९ टक्के कमी दिसले. त्या अजगराच्या आयातीवर केंद्रीय बंदी आली ती त्याच वर्षी, २०१२ च्या जानेवारीत. २०१७ मध्ये तर अजगर शोधायला तामिळनाडूतून इरुळा समाजातल्या दोन निष्णात सर्पपकड्यांना तिथे नेण्यात आले. श्वानपथके आणि यंत्रे असतानाही त्यांनी पहिल्या दोन आठवड्यांतच डझनभर अजगर पकडून दाखवले. ही अभिमानाची गोष्ट खरी, पण अजगर आजही तिथे आहेत.

मोठ्या मांजरकुळीविषयी फार लिहीत नाही. २०११ मध्ये ओहायो राज्यातल्या झेन्सव्हिलजवळ एका खासगी मालकाने पन्नासेक प्राण्यांचे पिंजरे उघडून आत्महत्या केली आणि १८ वाघांसह त्यांतले बहुतेक सगळे पोलिसांना गोळ्या घालून मारावे लागले. त्यानंतर त्या राज्याने कायदा केला. आधी प्रसंग घडायचा आणि मग यादी करायची, हा क्रम सर्वत्र सारखाच दिसतो.

फ्लोरिडाकडून घेण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे. २००६ पासून तिथे नकोसा झालेला परदेशी प्राणी आणून देण्याची सोय आहे. आणणाऱ्याला दंड नाही, उलटतपासणी नाही, आणि प्राण्याला नवे जबाबदार घर शोधून दिले जाते. आपल्या २०२२ च्या दुरुस्तीतही प्राणी स्वाधीन करण्याचे कलम आहे. पण ते मालकी-प्रमाणपत्र असलेल्या बंदिस्त प्राण्यासाठी आहे. बादलीतल्या कासवाला प्रमाणपत्र कुठून असणार? कायद्याच्या दृष्टीने ते ठेवणे हा दोष नाही आणि ते परत घेण्याची जबाबदारीही कोणावर नाही. अशा प्राण्याला एकच दार उघडे राहते, ते तळ्याचे.

काही वाचक म्हणतील, मग सरळ बंदी घाला. आम्हालाही त्या संध्याकाळी असेच वाटले होते. परदेशी प्राणी पाळणारे आणि त्यांची पैदास करणारे लोक यावर जो आक्षेप घेतात तो मात्र ऐकण्यासारखा आहे. बंदीने हौस संपत नाही, ती लपते. आणि ज्याच्या घरी आधीच प्राणी आहे त्याला एका रात्रीत गुन्हेगार केले, तर तो पहाटे नदीवर जातो. जपानने या अडचणीवर बराच काळ विचार केला. तिथे स्लायडर घरोघरी आहे, तळ्यातळ्यांत आहे. जून २०२३ पासून त्यांनी स्लायडरची आयात, विक्री आणि निसर्गात सोडणे यांवर बंदी घातली, पण घरात असलेले कासव सांभाळायला आणि पैसे न घेता दुसऱ्याला द्यायला परवानगीची गरज ठेवली नाही. पाण्यात सोडणाऱ्याला जबर दंड, तुरुंगवाससुद्धा. ठेवणाऱ्याला धाक नाही. हा नियम करणाऱ्याने कासवाच्या आयुर्मानाचा आणि माणसाच्या स्वभावाचा, दोन्हींचा विचार केला आहे. याउलट सिंगापूर. तिथे सर्वसामान्य नागरिकाला पाळता येतील असे सरपटणारे प्राणी दोनच ठरवून दिले, आणि त्यांतला एक नेमका स्लायडर! एवढ्या कडक शहरातल्या उद्यानांच्या तळ्यांत आज तो जागोजागी दिसतो.

आपल्या कायद्यात योग्य प्रश्न विचारायला जागा आहे, हे इथे नमूद केले पाहिजे. २०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परक्या जातींची व्याख्या केली आणि त्यांची आयात, व्यापार, बाळगणे, पसरणे यांचे नियमन किंवा बंदी करण्याचा अधिकार ६२-अ या कलमाने केंद्र सरकारला दिला. व्याख्या चांगली आहे. इथल्या वन्यजीवांना किंवा त्यांच्या अधिवासाला धोका होऊ शकेल, एवढा निकष तिला पुरतो. प्राणी मायदेशी दुर्मीळ आहे की विपुल, याच्याशी तिला कर्तव्य नाही. पण चौथ्या अनुसूचीसारखी नावांची यादी तिच्यामागे कायद्यातच जोडून दिलेली नाही. सायटीसची यादी आयती मिळाली म्हणून ती कायद्यात बसली. ही दुसरी यादी आपली आपल्याला करावी लागणार आहे, कारण ब्रिटनच्या थंडीत मरणारा प्राणी उजनीत मरत नाही, आणि आपला बिनधोक हिरवा पोपट लंडनच्या बागांत आज परका उपद्रवी म्हणून ओळखला जातो. ही यादी करायला जीवशास्त्रज्ञ लागतील. इथल्या उन्हाळ्यात तो तगेल का, पहिली वीण कितव्या वर्षी, काय खातो, किती जगतो, त्याच्या विषावर औषध देशात आहे का, पिल्लू केवढे आणि मोठा झाल्यावर केवढा, अशी माहिती जातवार गोळा करावी लागेल. विक्रीच्या पिंजऱ्यावर शेवटच्या दोनच गोष्टी लिहिण्याचे बंधन घातले, तरी कित्येक वाढदिवसांच्या भेटी दुकानातच राहतील.

या विषयावर आम्ही फार सोवळेपणाने बोलू शकत नाही, तेही सांगून टाकतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी, आम्ही पीएच.डी. करीत असताना, एका संस्थेच्या वसतिगृहातली मुले सुट्टीत घरी जाताना आपली दोन कासवे आमच्याकडे घेऊन आली होती. तांबड्या डागांचीच. आवारातल्या तळ्यात सोडू का, असे त्यांनी विचारले, आणि आम्ही, पेशींच्या आतल्या गोष्टींत डोके घालून बसलेले, मान वर न करता म्हणालो, सोडा की, काय होते. त्या तळ्यात तेव्हा काळी कासवे होती. पुढच्या काही वर्षांत तळ्याच्या मधल्या खडकावर ऊन खाताना कोण दिसत असे, याचे टिपण आम्ही ठेवले नाही. ठेवायला हवे होते.

सरांना आम्ही सांगितले, की कासव ठेवा. शाळेने आता जुनी सिमेंटची टाकी दुरुस्त करून घेतली आहे, मधे एक दगड ठेवला आहे. हाताळल्यावर मुले साबणाने हात धुतात, त्याचा तक्ता भिंतीवर आहे. आठवीची मुले दर सोमवारी कासवाचे वजन आणि पाठीची लांबी वहीत लिहितात. मे महिन्याच्या सुट्टीत कोण बघणार, यावर शिपाईमामांशी बोलणे झाले आहे. कासव अजून पंचवीस वर्षे सहज जगेल असे आम्ही सांगितले, तेव्हा सर थोडे गप्प झाले. त्यांच्या निवृत्तीला अकरा वर्षे उरली आहेत.